दूध कशामुळे वाढलं?

दूध संघाच्या सभेत अध्यक्ष रावराणे पडद्यावरच्या आलेखापुढे काठी घेऊन उभे राहिले. दहा वर्षांत त्यांची प्रशिक्षण शिबिरं वाढत गेली होती, तसं संघाचं दूधही वाढलं होतं. संघाची आकडेवारी माझ्याकडेच असल्याने आलेख मीच काढून दिला होता.

"शिबिरं आणि दूध यांचा सहसंबंध ०.९७, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक! संगणक खोटं बोलत नाही. दूध शिबिरांमुळेच वाढलं. मग गावोगाव फिरणारं गुरांच्या डॉक्टरांचं पथक कशाला पोसायचं? बंद करा."

पथकातले तिघे मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

तेवढ्यात माझी सहायक हेमांगी उठली. "साहेब, दुधाशी आणखी एक आकडेवारी ताडून बघू?"

"बघ की पोरी."

तिने दहा वर्षांचे दहा आकडे भरले. पडद्यावर ०.९९ उमटलं.

"वा! शिबिरांपेक्षाही सरस!" अध्यक्ष खूश झाले. "हे कसले आकडे?"

"माझ्या भाचीची उंची, साहेब. दर वाढदिवसाला आम्ही दारावर खूण करतो. मग आता शिबिरंही बंद करायची का?"

सभा खो खो हसली. हेमांगी मात्र शांतपणे म्हणाली, "सतत वर चढणाऱ्या दोन रेषा अशा जुळतातच. म्हणून दर वर्षी किती वाढ झाली, ती ताडून बघायची. तशी बघितली, तर शिबिरांचा दुधाशी मेळ बसत नाही."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

माझ्याआधी हेमांगीच म्हणाली, "सरांनीच तर शिकवलं मला."

पथक वाचलं. 'सरांनीच शिकवलं' हे ती अभिमानाने म्हणाली होती, आणि मला मान वर करता येईना.