घागरवाडीची एकविसावी घागर

वाडीत कुंभाराचं एकही घर नाही, कधी नव्हतंही, तरी नाव घागरवाडी. पाहुण्यांना याचं नवल वाटतं, आणि वाटायलाच हवं. पलीकडच्या गावचे लोक काहीबाही सांगतील, ते सोडून द्या. खरं कारण इथं, या खाडीच्या काठावरच घडलं.

फार जुनी गोष्ट. एका वैशाखात समुद्रावरून असं वादळ आलं म्हणे, की दोन प्रहरांत वाडीतली चाळीसच्या चाळीस घरं भुईला मिळाली. माड मुळासकट उपटले, होड्या शेतात येऊन पडल्या. मथुरा म्हणून एक बाई होती. तिचं छप्पर कोसळलं ते नवऱ्याच्या अंगावर. दोन लहान मुलींना पोटाशी धरून ती कोपऱ्यात बसली होती, म्हणून त्या तिघी वाचल्या.

घाटापलीकडच्या कोरड्या मुलखातले लोक दरवर्षी बैल घेऊन मीठ न्यायला खाली उतरत. त्या वर्षीही उतरले आणि पाहतात तर काय, गावच नाही! त्यांचा पुढारी मानाजी. त्यानं बैलांवरचं धान्य वाडीत वाटून टाकलं, वर निरोप धाडला आणि आठ दिवसांत शे-सव्वाशे माणसं कुदळ-फावडी घेऊन हजर झाली. ना नात्याची, ना गोत्याची. "मृगाच्या आत सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर," मानाजीनं शब्द दिला. माणूस शब्दाचा पक्का. पहिलं घर उभं राहिलं ते मथुरेचं.

पण ते राहिलं त्यांच्या मुलखाच्या रीतीनं. वर सपाट धाबं. आडवी लाकडं, त्यांवर काटक्या आणि त्यांवर हातभर माती चोपून बसवलेली. अहो, कोकणातल्या पावसात मातीचं धाबं! पहिल्या झडीत ती माती भिजून जड होणार आणि झोपल्या जागी मुलींच्या अंगावर येणार, हे मथुरेला उघड दिसत होतं. एक छप्पर कोसळताना तिनं पाहिलं होतं.

तिनं भीत भीत मानाजीला सांगून पाहिलं, "दादा, आमच्याकडे पाऊस फार असतो हो."

"आमच्याकडं काय कमी पडतो व्हय, ताई? एकदा लागला की चार-चार दिवस उघडत न्हाई!" मानाजी खदखदून हसला आणि दुसऱ्या घराच्या भिंतीकडे वळला.

ती मोठ्या दिराकडे गेली. तो वाडीचा गावकर, म्हणजे प्रमुख. त्यालाही सगळं कळत होतं, पण तो म्हणाला, "गप रव. आपलं सोडून परक्यासाठी राबतायत ती माणसं. त्यांच्या कामाला नावं ठेवायची? रागावून उठून गेली तर मृगाला उघड्यावर बसशील पोरींना घेऊन." खोटं नव्हतं ते. मथुरा दोन दिवस जेवली नाही, असं सांगतात. बोलावं तर माणसं जातील, न बोलावं तर मुली जातील.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं मानाजीला नव्या घरात जेवायला बोलावलं. मधोमध पाट, केळीचं पान, उकडा भात, कुळथाची पिठी. वाढून झालं तशी ती म्हणाली, "दादा, तुम्ही सावकाश जेवा. मी जरा वर जाऊन येते." पदर खोचला आणि शिडी चढली. विहिरीपासून शिडीपर्यंत वाडीतल्या बायका रांगेनं उभ्या होत्या. हातोहात घागर वर आली. मथुरेनं ती धाब्यावर ओतली.

काही नाही. दुसरी, तिसरी, दहावी. माती नुसती पीत होती. "बघा की ताई, थेंब न्हाई!" खालून मानाजी मजेत ओरडला. दीर धावत आला, "उतर खाली, लाज घालवलीस घराण्याची!" मथुरेचे हात भरून आले. आपलंच चुकलं की काय, असंही एकदा तिच्या मनात आलं म्हणे. पण ती उतरली नाही.

एकविसाव्या घागरीला भातावर गढूळ थेंब पडला. मग दुसरा. मग मुठीएवढा चिखलाचा गोळा थेट पानात.

वाडीला वाटलं, आता हा उठणार, अपमान झाला म्हणून बैल हाकून निघून जाणार! मानाजीनं वर पाहिलं, पानात पाहिलं.

"ताई, तुमच्याकडं असं किती दिवस?"

"चार महिने."

"आन् हे आधी सांगायचं न्हाई?"

"सांगितलं होतं, दादा. तुम्ही हसलात."

मानाजीनं मान खाली घातली. मग तो म्हणाला, "आता न्हाई हसत. तुम्ही पुढं बसून सांगा, आम्ही करतो." त्याच संध्याकाळी त्यानं आपल्या हातानं ते धाबं उतरवलं. मथुरा दगडावर बसून सांगत गेली, वासे कसे, उतार किती, गवत कसं शाकारायचं. सव्वाशे गडी एका बाईच्या शब्दावर वर-खाली होत राहिले. मृगाच्या आदल्या दिवशी चाळिसावं छप्पर पुरं झालं.

आजही घागरवाडीत घर शाकारलं की बांधणाऱ्याला आत पानावर बसवतात, आणि घरची बाई वरून एकवीस घागरी ओतते. गेल्या वादळानंतर शहरांतून मदतीला मंडळं आली, पत्रे घेऊन, टोप्या घालून, गुणाची पोरं. त्यांनाही बसवलं. दोन घरं गळली, आणि पोरं बिचारी ओशाळली. त्यांची समजूत घातली वाडीतल्या बायकांनीच. "अरे, ओशाळता काय? परक्यासाठी इतक्या लांबून येऊन राबलात, तुमचे उपकार आहेतच. पण मथुरेनं त्या दिवशी भीड धरली असती, तर तिच्या दोन मुली पहिल्याच पावसात गेल्या असत्या. त्या नव्वदी गाठून गेल्या, आणि ही अर्धी वाडी त्यांचीच लेकरं आहे."