लिंबूटिंबू येसूचा झेल

फार वर्षांपूर्वी करवंदवाडीत रंभाजी नावाचा विटीदांडूचा म्होरक्या होऊन गेला. त्यानं टोला हाणला की आभाळातल्या घारी बाजूला व्हायच्या, असं म्हणतात. पण विटी आणायला तो कधी गेला नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. आणायला येसू होता.

येसू चांगला मिसरूड फुटलेला, पण हातानं धांदरट. म्हणून रंभाजीनं त्याला लिंबूटिंबू ठेवलेलं. म्हणजे खेळायचं सगळं, पण धरायचं काही नाही. बाद झाला तरी बाद नाही, झेलली तरी झेल नाही. दुसरा कोणी रुसून घरी बसला असता. हा प्रत्येक विटीमागं जीव खाऊन पळायचा, काट्यात शिरायचा, हसत परत यायचा. आणि लोक त्यालाच येडा म्हणायचे.

भैरोबाच्या जत्रेत पल्याडच्या गावाशी डाव पडायचा. जिंकेल त्या गावाची मानाची काठी आधी देवळाच्या शिखराला लागायची. त्या साली रंभाजी भर माळावर बोलला, "हा आमचा लिंबूटिंबू. विटी आणायला आणलाय, धरू नका."

डाव रंगला. पल्याडचा म्होरक्या सिदोजी तेवढा उरला. तो बाद झाला की काठी करवंदवाडीची. त्यानं टोला हाणला, विटी रंभाजीच्या अंगावरनंच गेली. जरा धावला असता तर हाती लागली असती. पण हात सवयीनं कमरेवरच! मागनं येसू आला, त्यानं निवडुंगात उडी घातली आणि विटी झेलली.

"लिंबूटिंबूचा झेल कधीपासनं धरायला लागलात, म्होरके?" सिदोजी म्हणाला.

सगळे रंभाजीकडं बघायला लागले. येसू पुरा गडी आहे एवढं म्हटलं की काठी करवंदवाडीची. त्यानं तोंड उघडलंही. तेवढ्यात रक्ताळलेले हात घेऊन येसू म्हणाला, "नाही दादा, मी लिंबूटिंबूच. धरू नका."

रंभाजीला धोतराचा सोगा तोंडावर ओढावासा वाटला. खाली बघतच तो बोलला, "सिदोजी, इथनं पुढं याला पुरा गडी धरा."

"धरतो की! पुरा काय, दीड धरतो!"

आणि सिदोजीनं असा टोला हाणला, की विटी टेकडीपल्याड गेली. येसू पळाला. त्याच्यामागं रंभाजीही पळाला, जन्मात पहिल्यांदा, आणि वाटेतल्या ओढ्यातच धापा टाकत बसला. येसूला टेकडीनं वाकून वाट दिली, असं म्हणतात. विटीसुद्धा तो पोचेस्तोवर वरच थांबली, असं म्हणतात. मग पल्याडनं आरोळी आली, "झेल!"

दिवस कलता येसू विटी घेऊन आला. झेल घेताना बघितलं कोणीच नव्हतं. पल्याडचे ओरडले, "भुईवरनं उचलली असेल!"

सिदोजीनं दांडू खाली ठेवला. "गप बसा. ज्यानं आपलाच झेल नाही म्हटलं, तो खोटं बोलायचा नाही. मी बाद."

काठी करवंदवाडीची झाली. रंभाजीनं ती येसूपुढं धरली.

"हातात काटे आहेत दादा. तुम्हीच घ्या."

रंभाजीनं काठी शिखराला लावली खरी, पण मान काही वर झाली नाही. पुढं जन्मभर कमरेवर हात ठेवलेला तो कोणाला दिसला नाही, असं म्हणतात.

करवंदवाडीत अजून लिंबूटिंबू ठेवत नाहीत. गडी वाटताना म्होरक्या पहिली हाक येसूला मारतो. ओ कोणी देत नाही. मग पहिली विटी आणायला म्होरक्या स्वतः जातो, अनवाणी, आणि ती येईस्तोवर माळावर कोणी हसत नाही.