ठोंबरे सर दार उघडत नाहीत

“...मग माझं चुकलं कुठे, ताई? तेवढंच सांगा.”

निशिकांत गद्रे दारातच उभा होता. एक बूट पायात, एक हातात. बाहेर उणे अठ्ठावीस होतं आणि आत पाऊल टाकताच त्याचा चष्मा पांढरा झाला होता.

“आधी दुसरा बूट काढ,” दुर्गाताई म्हणाल्या.

दुर्गाताई केळुसकर खिडकीपाशी लसूण सोलत बसल्या होत्या. वय एक्याऐंशी. कॅनडातल्या या गोठलेल्या गावात येणाऱ्या मराठी माणसांना पहिला हिवाळा कसा काढायचा, हे त्या चाळीस वर्षं शिकवत आल्या होत्या. निशिकांत त्यांचा सगळ्यांत हुशार शिष्य. आणि हे निशिकांतलाही ठाऊक होतं.

तो येऊन समोर बसला.

“ठोंबरे सर अकरा दिवस खोलीबाहेर आलेले नाहीत.”

ठोंबरे वाशिमला चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यांची बायको ज्योत्स्ना नर्स. तिला इथल्या इस्पितळात नोकरी लागली, म्हणून गेल्या जुलैत दोघं आले. मराठी मंडळाने त्यांना निशिकांतच्या हवाली केलं. नव्या घराला एक जुना माणूस जोडून द्यायचा, ही रीत दुर्गाताईंनीच घालून दिलेली. निशिकांतने त्या रीतीची फाईल केली.

ती फाईल त्याने आत्ताही काखेत आणली होती.

“हे बघा. बँक, आरोग्यकार्ड, बसचा पास, थंडीचे कोट, सगळं पहिल्या आठ दिवसांत. शिक्षकाच्या परवान्याचा अर्ज मी भरला. तो यायला वर्ष-दोन वर्षं जातात, म्हणून तोवर हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामही मीच लावून दिलं. दर शनिवारी जेवण पोचवतो. एक शनिवार चुकलेला नाही.”

“डॉक्टर?”

“दाखवलं. गोळ्या दिल्यात. घेत नाहीत...”

त्याने फाईल मिटली.

“काल ज्योत्स्नावहिनींनी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या शेजारणीकडे नेऊन ठेवल्या.”

दुर्गाताईंनी हातातली पाकळी खाली ठेवली.

...

“तुम्ही चला, ताई. तुमचं ऐकतील ते. मी दाराबाहेरून हाक मारली की आतून एकच उत्तर येतं. ‘आभारी आहे.’ बस. दार काही उघडत नाहीत.”

“त्याच्या घरी तू काय काय खाल्लंस?”

“मी?” निशिकांत गोंधळला. “मी कशाला खाऊ?”

“सात महिने झाले. चहा तरी?”

“छे! उगाच त्यांना तोशीस कशाला? दारातूनच डबा देतो आणि निघतो. बूटसुद्धा काढत नाही.”

हे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं. आपण कुणाला जड होत नाही, याचा काही माणसांना फार गर्व असतो.

“डबे परत येतात?”

“परत यायला नकोतच. दह्याचे रिकामे डबे असतात ना प्लास्टिकचे, त्यातून देतो. सांगून ठेवलंय, फेकून द्या म्हणून. नाहीतर वहिनी काहीतरी भरून पाठवत बसतील.”

“पाठवलं होतं कधी?”

“एकदा. अगदी सुरुवातीला. बेसनाचे लाडू. सरांनी स्वतः वळलेले म्हणे.”

“मग?”

“परत दिले.”

...

खिडकीबाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. तो खरखराट बराच वेळ ऐकू येत राहिला.

“अहो ताई, नुकते आले होते ते! तूप कुठल्या दुकानात मिळतं हेसुद्धा मी दाखवलेलं. त्यांच्या तोंडचं मी कसं घेणार? म्हटलं, सर, आधी तुमचं बस्तान बसू द्या. मग हक्काने खाईन.”

“त्यावर तो काय म्हणाला?”

निशिकांत आठवू लागला.

“...‘आभारी आहे’ म्हणाले.”

दुर्गाताईंना राग आला. आपल्याकडची बाई शेजारणीचा डबा रिकामा परत करायला लाजते, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालते. आणि दारात आलेला भरला डबा माघारी धाडणारा माणूस आपण आपल्या हाताने घडवला. राग होता तो स्वतःवरचाच, पण निघाला त्याच्यावर.

“तू आलास तेव्हा मी तुला काय दिलं होतं रे?”

“सगळंच दिलंत.”

“सगळं म्हणजे काय? मला गाडी येत नव्हती. बँकेतलं कळत नव्हतं.”

निशिकांतने चष्मा पुसला. मग नकळत त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“तुम्ही मला दाढी करायला बसवलंत.”

तेव्हा दुर्गाताईंचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते. निशिकांतला नोकरी नव्हती आणि तो रोज परतीची विमानं बघत होता. पहिल्याच भेटीत ताईंनी त्याच्या हातात साबणाची वाटी आणि वस्तरा दिला. माझा हात कापतो, म्हणाल्या, यांना लागतं. दर बुधवारी ये.

“पहिल्या दिवशी काकांची हनुवटी कापली मी,” निशिकांत म्हणाला. “ते म्हणाले, इंजिनिअर दिसतोस. दीड वर्ष येत होतो. एकदा अंगात ताप होता, तरी आलो. वाटायचं, मी नाही गेलो तर काका तसेच राहतील. खरं सांगू, ताई? मला वाटायचं, मी तुमच्यावर उपकार करतोय.”

“करतच होतास.”

...

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मांडीवरची फाईल त्याने हळूच बाजूला ठेवली.

“कळलं मला,” तो एकदम उठला. “आत्ता जातो. सरांना म्हणतो, माझ्या मुलीला विज्ञान शिकवा.”

“तिला अडतंय?”

“तसं नाही... वर्गात पहिली असते. पण विचारायला काय हरकत आहे?”

“चोवीस वर्षं वर्गात उभा राहिलाय तो. खोटी शंका कोणती, हे शेवटच्या बाकावरून विचारली तरी त्याला कळतं.”

निशिकांत पुन्हा बसला.

“मग घरातलं काही काम सांगतो. तळघरात...”

पण तळघर त्याने गेल्या वर्षीच करून घेतलं होतं. बर्फ काढायला यंत्र होतं. गाडी नवी होती. बायकोच्या हाताखाली मदतीला बाई होती, मुलीला शिकवण्या होत्या, आईला बघायला पुण्यात माणूस ठेवलेला होता. एकेक गोष्ट तो मनात उघडून बघत होता आणि मिटत होता.

“सावकाश शोध,” दुर्गाताई म्हणाल्या. “पण खरं पाहिजे. त्याच्यावाचून तुझं अडलं पाहिजे.”

...

...

लसणाची सालं हीटरच्या हवेने टेबलावरून खाली उडाली. निशिकांतने वाकून ती वेचली आणि मुठीत धरून बसला.

“तुम्हीच मागा ना त्यांच्याकडे काहीतरी,” तो म्हणाला. “तुमचं हजार गोष्टींना अडतं.”

“मागेन की. आत्ता येतेच आहे तुझ्याबरोबर. त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसेन, उद्याही बसेन. पण सात महिने त्याने वाट पाहिली ती माझी नाही.”

दुर्गाताईंनी काठी ओढली आणि टेबलाचा आधार घेत उठल्या. निशिकांत त्यांचा कोट घ्यायला धावला नाही. नेहमी धावायचा.

तो बसून रडत होता. बेचाळीस वर्षांचा माणूस, मुठीत लसणाची सालं.

“सापडत नाही, ताई. किती शोधलं. मला त्यांच्याकडून काहीच नकोय... खरंच, काहीच नकोय.”

दुर्गाताईंनी एक हात बाहीत घातला, मग दुसरा. बटणं लावायला त्यांना पुष्कळ वेळ लागला.

“ते त्याला कळलंय, निशिकांत.”