दवंडीवाल्याचं शांत घर

शहरांना तट होते आणि दिवेलागणीला वेशी बंद होत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. अशाच एका शहरात, राजाच्या घराण्यापेक्षाही जुन्या एका दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर, राजाचा दवंडीवाला राहत होता. त्याचा आवाज एवढा मोठा होता की त्यानं जेवताना मीठ मागितलं तरी चौकात कळे.

त्याची बायको वारली.

त्या शहराच्या दोन रीती होत्या. ज्या घरी मरण आलं तिथं सुतक फिटेपर्यंत चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं. आणि शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, त्यात काहीतरी घालूनच द्यायचं.

पहिल्या रीतीनं दवंडीवाल्याला जगवलं. दुसरीनं पुरतं अडकवलं. त्याला दवंडीखेरीज काहीच करता येत नव्हतं. भांड्यात तो घालणार काय?

भांडी साठत गेली. पातेली, कढया, वाडगी, तांबे. आधी कोनाडे भरले, मग खिडक्या, मग अंथरूण. दवंडीवाला दोन टोपांच्या मधे अंग चोरून झोपे. कूस बदलली की एखादं झाकण गडगडत जिन्यापर्यंत जाई.

खाली शेजाऱ्यांचे हाल चालले होते. कुणी सुपात कणीक मळी, कुणी तव्यावर दूध तापवी. पण दुःखाच्या घरी जाऊन भांडं मागायचं कसं? कुणी मागेना. आणि दवंडीवाला लाजेपोटी मागच्या जिन्यानं ये-जा करू लागला. सगळ्या शहराला ज्याचा आवाज ठाऊक, त्याला स्वतःच्या इमारतीत बोलायला माणूस उरलं नाही.

शेवटी त्यानं निवांतकाराला बोलावलं. हा गृहस्थ मोठमोठ्या लोकांची घरं रिकामी करून शांत करून देई. पांढरं धोतर, पांढरा अंगरखा, आणि बोलणं एवढं हळू की दवंडीवाल्याला त्याच्या ओठांकडे बघावं लागे.

"घरात नजर टाकली की एकच वस्तू दिसावी," निवांतकार म्हणाला. "ही भांडी कुणाची?"

"शेजाऱ्यांची."

"मग देऊन टाका."

"रिकामी कशी देऊ?"

"तर मग दिसू नयेत एवढं करू."

त्यानं सगळी भांडी मागच्या खोलीत रचली आणि खोलीचं दार विटांनी बुजवलं. जुने कोनाडे बुजवले. नक्षीच्या खांबांना चुना फासला. मग मोकळ्या पांढऱ्या खोलीत एक चटई अंथरली आणि कोपऱ्यात एक मडकं ठेवून त्यात वाळकी फांदी खोचली.

"हे सरपण इथं कशाला?" दवंडीवाल्यानं विचारलं.

"ते सरपण नाही. ती शांतता आहे."

दवंडीवाल्यानं चटईवर बसून सुस्कारा सोडला. घरानंही सोडला. तो दचकला. त्याला शिंक आली. रिकाम्या भिंतींनी ती उचलली, एकमेकींकडे फेकली आणि व्याजासकट परत केली. खालच्या मजल्यावरचं तान्हं मूल रडू लागलं. सकाळी त्यानं नेहमीप्रमाणे गळा साफ करून "ऐका हो ऐका!" असा सराव केला, तर सगळं घर उलट त्यालाच "ऐका हो ऐका!" म्हणून ओरडू लागलं.

निवांतकारानं डोळे मिटून विचार केला. "घर उत्तम झालंय," तो म्हणाला. "आता त्यात एकच वस्तू जास्त आहे."

"कुठली? फांदी?"

निवांतकारानं त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

अशा रीतीनं दवंडीवाला स्वतःच्या घराबाहेर, जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. तिथं त्याला खाली राहणारी माळीण भेटली.

"काय भावजी, घरानं हाकललं का?"

"घर शांत होतंय, वहिनी."

"आणि माझं पातेलं? त्यालापण शांत केलंत का?"

दवंडीवाल्यानं मान खाली घातली. मग, त्याला जमेल तेवढ्या हळू, म्हणजे फक्त तीन मजल्यांना ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "त्यात घालायला माझ्याकडे काही नाही."

माळीण शेजारी टेकली. "अहो, घालायचं म्हणजे काय पंचपक्वान्नं? तुमच्याकडे एकदा काहीच नव्हतं, तेव्हा तुमच्या मंडळींनी माझ्या पातेल्यात तुळशीची पानं घालून दिली होती. आम्ही ती चौघांनी वाटून खाल्ली."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्हाला सांगितलं असतं तर ती दवंडीच झाली असती!"

दवंडीवाला हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, त्यामुळे तो आवाज वेशीपर्यंत गेला. मग डोळे पुसून तो उठला आणि त्यानं पहारीनं ती नवी भिंत फोडली. निवांतकार "माझा चुना! माझा चुना!" करत राहिला, पण आज त्याचं ऐकू येत नव्हतं.

दवंडीवाल्यानं आयुष्यात प्रथमच चूल पेटवली आणि शिरा केला. तो असा झाला की त्यात डाव उभा राहिला आणि पडेचना. त्यानं प्रत्येक भांड्यात एकेक ढेकूळ घातलं आणि तो पुढच्या जिन्यानं दारोदार गेला. प्रत्येक दारात त्याला थांबवून घेतलं. दिवे लागेपर्यंत घर खरोखर रिकामं झालं, आणि त्या रात्री तो शिंकला तरी कुणी तक्रार केली नाही.

सकाळी माळीण पातेलं घेऊन दारात उभी होती. त्यात आमटी होती. "शिऱ्यावर उतारा," ती म्हणाली.

"पुन्हा वस्तू आली!" निवांतकार कळवळला.

"येऊ द्या. उद्या जाईल," दवंडीवाला म्हणाला. आणि रीतीला जागून त्यानं निवांतकाराचं मडकंही फांदी काढून, शिरा भरून त्याच्या हाती दिलं.

निवांतकार त्याच शहरचा, भांडं रिकामं न देण्याची रीत त्यालाही होती. काही दिवसांनी तो जिना चढून वर आला, मडकं पुढं केलं आणि प्रथमच सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला, "बोरं आहेत. घरचीच आहेत."

बाळांनो आणि थोरांनो, घर वस्तू लपवून शांत होत नाही. ज्याचं त्याला, चिमूटभर का होईना, भरून परत दिल्यानं होतं.