हाकेच्या खडकावरची सून

दूर आफ्रिकेत, एका भल्यामोठ्या सरोवराच्या काठी, अठरा चुलींचं एक गाव होतं. त्या गावाची बोली त्या अठरा चुलींपलीकडे कुठेच बोलली जात नसे. समोरच्या काठावर बाजाराचं गाव होतं. तिथे शंभर ठिकाणची माणसं येत आणि बाजारची बोली बोलत.

सरोवरावर धुकं फार. सकाळी ते उतरलं की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं, कळत नसे. काठावरच्या गायी ढगात उभ्या राहून ढगच पीत आहेत, असं वाटे. अशा वेळी होड्या घरी आणायची गावची एक रीत होती. काठावरच्या उंच खडकावर उभं राहून एक बाई हाक घाली. सरोवरात जागोजागी दगड होते, काही वर डोकावणारे, काही बुडालेले. प्रत्येकाला गावाने नाव दिलं होतं आणि हाकेत ती नावं क्रमाने येत. "झोपाळू पाणघोड्याला उजवीकडे ठेवा, दोघी बहिणींच्या मधून या, म्हातारीच्या गुडघ्याला वळसा घाला, चूल पेटली आहे." ही हाक धुकंसुद्धा कान देऊन ऐकतं, असं जुनी माणसं सांगत.

न्यानजुरा नावाच्या म्हातारीसारखी हाक दुसऱ्या कुणालाच जमत नसे. तिच्या तोंडी बोली फार गोड लागे. जिभेला मात्र हाड नव्हतं. कुणी एक शब्द चुकला की ती त्याची हुबेहूब नक्कल करी. सगळं गाव पोट धरून हसे आणि चुकणाऱ्याला कुठे तोंड लपवू असं होई.

हळूहळू मुलं तिच्यासमोर बोलेनाशी झाली. आपसात ती बाजारची बोली बोलू लागली. त्या बोलीत सगळेच चुकत, म्हणून कुणी कुणाला हसत नसे. न्यानजुरा कपाळावर हात मारून म्हणे, "आपली बोली माझ्याबरोबरच जाणार!" असं म्हणताना तिला वाईट वाटे. आणि खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटे.

तिचा मुलगा मुगेनी. त्याने बाजाराच्या गावची बायको केली. तिचं नाव केमिगिशा. सासरची बोली शिकायची तिला भारी हौस. आल्या आल्या तिने चुलीपाशी एक वाक्य जुळवून म्हटलं. सासूने त्याची नक्कल केली, ती महिनाभर गावात गाजली. त्या दिवसापासून सुनेच्या तोंडाला कुलूप लागलं. घरात ती बाजारच्या बोलीत हो किंवा नाही एवढंच म्हणे. पण शेळ्या घेऊन लव्हाळ्यात गेली की तिथे ती सासरच्या बोलीत तासन्‌तास बोलत बसे. शेळ्यांना परत बोलवायला ती सासूचीच हाक घाली. शेळ्या हसत नसत.

एका सकाळी मुगेनीची होडी आणि आणखी चार होड्या पाण्यावर असताना धुकं उतरलं. इतकं दाट, की चार पावलांपलीकडचं पाणी दिसेना. न्यानजुरा खडकावर चढली. पण आठवडाभर तिला खोकला होता. दोन हाका कशाबशा निघाल्या. तिसरीला आवाजच फुटेना.

काठावर बायका जमल्या. "तुमच्यापैकी कुणीतरी घाला गं!" म्हातारी घोगऱ्या आवाजात म्हणाली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नावांचा क्रम कुणालाच नीट येत नव्हता. शिकायला जाऊन हसं कुणी करून घ्यायचं, म्हणून सगळ्या लांबच राहिल्या होत्या. तेवढ्यात वल्ह्यांचा आवाज ऐकू आला. तो जवळ येत नव्हता. सरोवराच्या ज्या टोकाला पाणी कड्यावरून कोसळतं, त्या टोकाकडे तो चालला होता.

केमिगिशा शेळ्या टाकून धावत आली आणि खडकावर चढली. तिने डोळे मिटले आणि हाक घातली. शब्द वाकडेतिकडे, सूर परका, मध्येच बाजारच्या बोलीतलं काहीबाही घुसलेलं. सवयीने म्हातारीचे ओठ मुरडले. सुनेने डोळे उघडले, सासूचं तोंड पाहिलं आणि तिची हाक अर्ध्यातच तुटली.

धुक्यात वल्ही आणखी लांब गेली.

आपला मुलगा कड्याकडे चालला आहे आणि त्याला बोलावणारं तोंड आपण बंद केलं आहे, हे न्यानजुराला लख्ख कळलं. इतकी वर्षं मुलं का गप्प होती, तेही कळलं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने सुनेचा हात घट्ट धरला, आपलं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि म्हणाली, "चुकलीस तरी चालेल गं माझ्या बाई, पाहिजे तेवढं चूक. पण थांबू नकोस!"

केमिगिशाने पुन्हा हाक घातली. मोठ्याने, पुन्हा पुन्हा, चुकत चुकत. एकेक बाई खडकावर चढून तिच्या आवाजात आवाज मिसळू लागली. मग मुलंही आली. कुणी एखादं नाव गाळलं, कुणी भलतंच घुसडलं. हाक पांढऱ्या धुक्यात संथपणे पसरत गेली. पाण्यातले दगड आपापलं नाव ऐकून एकेक करून जागे होत आहेत, असं वाटू लागलं. वल्ही थबकली. मग वळली. बऱ्याच वेळाने पाचही होड्या एकामागून एक अलगद धुक्याबाहेर आल्या.

मुगेनी काठावर उतरला तो हसतच. "आई, हाक कुणी घातली? दोघी बहिणींना कुणीतरी दोघी जावा म्हणत होतं!"

सुनेने मान खाली घातली. सगळे म्हातारीकडे बघू लागले.

न्यानजुराने घसा खाकरला. "बरोबरच म्हणाली ती," ती म्हणाली. "बहिणी असत्या तर इतकी वर्षं शेजारी शेजारी उभ्या राहून एकमेकींशी बोलल्या नसत्या का? आजपासून त्या जावाच!"

सगळे हसले. केमिगिशा सगळ्यांत मोठ्याने हसली. आता त्या गावात सत्तावीस चुली आहेत म्हणे. धुक्याच्या सकाळी खडकावर जागा मिळावी म्हणून मुलं भांडतात. आणि पाण्यातल्या त्या दोन दगडांना लहानथोर सगळे दोघी जावाच म्हणतात.

तात्पर्य: बोली जगवायला अचूक बोलणारा एक जण पुरत नाही, न भिता चुकणारी पुष्कळ माणसं लागतात. म्हणून शिकणाऱ्याला कधी हसू नये.