माशांनी न उचललेला भात

“मग मासे वर का येत नाहीत, आक्का?”

चांगुणेनं दहीभाताची आणखी एक चिमूट तळ्यात सोडली. शितं पांगली, बुडाली. पाणी हललंसुद्धा नाही.

तुळसाक्का काठावर वाती वळत बसली होती. पठारावरच्या या एवढ्याशा तळ्यापाशी एकटीनं राहून ती म्हातारी झाली होती.

कड्याच्या खाली वाडी. तिथं चांगुणेच्या दारात जीप उभी होती. आत सून, सुगंधा, पहाटेपासून कळा सोसत पडलेली. मूल आडवं आलंय, तालुक्याला न्या, असं सुईण घसा फोडून सांगत होती. पण अडलेल्या बाईला वेशीबाहेर काढायचं तर आधी तळ्यावर भात सोडायचा आणि माशांनी तो उचलायचा, ही वाडीची रीत. भात उचलला की चांगुणेनं कड्यावरून पदर हलवायचा, मग जीप सुटणार. मुलगा पाया पडला, आत्ताच निघू दे म्हणाला. तिनं त्याला झिडकारलं. आक्काची शिष्या आहे मी, तळं मला ओळखतं, असं सगळ्यांदेखत सांगून ती वर चढली होती.

तळं ओळख दाखवेना.

“या गं बायांनो, या...”

“सुना आहेत होय तुझ्या?” तुळसाक्का म्हणाली. “हाक मारली की यायला?”

चांगुणेनं ते गिळलं. एरवी कुणाचं ऐकून घेणारी ती नव्हे. चुकलं कुठं, ती विचारू लागली. दही आंबट होतं? सोवळं मोडलं? की पोरीच्या कपाळीच...



तुळसाक्का वात वळत राहिली.

खालून किंकाळी आली. वाऱ्यात अर्धी विरलेली. मग काहीच नाही...

चांगुणेनं भाताची वाटी तुळसाक्कापुढं धरली.

“आक्का, तू बोलव त्यांना. तुझं ऐकतील.”

तुळसाक्कानं वात खाली ठेवली. चांगुणेच्या हातातली वाटी ओढून घेतली, तळ्याकडं पाठ केली आणि उरलेला भात खाऊ लागली. पार शेवटच्या शितापर्यंत. बोटंही चाटली.

“आक्का... नैवेद्य होता तो.”

“होता. मी खाल्ला. जा, पदर हलव.”