अदबशीर पाहुणा

त्या वारुळात उजेड कधी आला नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. घरचं माणूस वासावरून कळे. प्रत्येक मुंगीला दोन पोटं होती, एक स्वतःचं आणि एक सगळ्यांचं. कुणी समोर येऊन मिशीने ओठांवर तीनदा टिचकी मारली की दुसऱ्या पोटातला घास काढून द्यायचा. कोण, कशाला, किती, हे विचारायची रीत नव्हती. नाही म्हणायची वेळ तिथे कुणावर आलेलीच नव्हती.

भुरी तिथली दाई. अंडी चाटून स्वच्छ ठेवणं, अळ्यांना भरवणं आणि नव्या पोरांना दाराबाहेर पडण्याआधी वैऱ्याचा धडा देणं ही तिची कामं. धड्यासाठी तिने कोळ्याचा एक वाळका, केसाळ पाय जपून ठेवला होता. तो अंगावरून फिरवला की पोरं किंचाळत एकमेकांच्या पोटाखाली शिरत. मग भुरी सांगे, "घाण वास येतो तो वैरी. चावतो तो वैरी. दुखवतो तो वैरी." पोरं घोकत. आपल्या हाताखालचं एकही पोर कोळ्याच्या तोंडी गेलं नाही याचा भुरीला मोठा तोरा होता, आणि तो काही खोटा नव्हता.

कणी त्या पोरांतली सगळ्यात हुशार. भुरीचा तिच्यावर जीव होता आणि तो लपवणं तिला कधी जमलं नाही. मोठी झाल्यावर कणीला दारावर नेमलं, तेव्हा भुरी ती बातमी चार-चारदा सांगत वारूळभर हिंडली होती.

त्या दारात एके दिवशी पाहुणा आला. लालसर, गुबगुबीत, कुशीवर सोनेरी केसांचे झुपके. कणीने धडा आठवून त्याला तपासलं. घाण वास? छे, जवळजवळ घरचाच. चावतो? तो तर अंग आखडून उभा. त्याने अदबीने तीन टिचक्या मारल्या. कणीने घास दिला. बदल्यात त्याने कूस उचलली, तर केसांच्या टोकाला एक थेंब होता. कणीने तो चाटला आणि स्वतः वाट दाखवत त्याला आत आणलं. धड्यातलं एक अक्षरही तिने मोडलं नव्हतं.

पहिले काही दिवस तर झकास गेले. कणी गुणगुणत येई, दोघींचं ओझं एकटी उचले. पोरगी खुलली, असं भुरीही कौतुकाने म्हणाली. पुढे कणी दारावर दिसेनाशी झाली. तिच्या जागी बसवलेलीही दिसेना. पाहुण्याच्या खोलीबाहेर रांग लागू लागली, आणि अळ्यांच्या दालनाची भिंत ओल धरून फुगली तरी लिंपायला कुणी फिरकलं नाही.

"कणे, असतेस कुठं?" भुरीने तिला गाठून विचारलं.

"इथंच तर असते."

"त्याच्याकडे?"

"शीण जातो गं, मावशी. तू चाखलं नाहीस म्हणून बोलतेस." भुरीच्या मिशा थरथरताना तिला जाणवल्या, तशी ती म्हणाली, "उद्यापासून नाही जायची. शप्पथ."

तो उद्या काही आला नाही.

पाहुणा आता नुसत्या घासावर थेंब देत नव्हता, त्याला खायला अळ्या हव्या होत्या. हे भुरीला कळलं ते अळ्यांची मोजदाद करताना. एक कमी भरली, मग तीन. ती दालनाच्या तोंडाशी दबा धरून बसली, आणि तोंडात अळी धरून जी बाहेर आली ती कणी होती.

"ठेव ती खाली."

कणीने अळी खाली ठेवली, अगदी हळू, डोकं सांभाळून, भुरीनेच शिकवलं होतं तशी. "मला कळतंय मी काय करतेय, मावशी," ती म्हणाली. "कळतंय, तरी करतेय. मला धरून ठेव."

भुरीने धरून ठेवलं. एका रिकाम्या कोठीत, दार स्वतःच्या अंगाने अडवून. कणी कापली, तिने शिव्या दिल्या, गयावया केली, भिंतीवर डोकं आपटलं. भुरी घास भरवत राहिली आणि त्यातले निम्मे ओकून पडत राहिले. शेवटी कणी शांत झोपली, तेव्हा तिची एक मिशी कायमची लुळी पडली होती.

म्हाताऱ्या मुंग्यांनी पाहुण्याला आतच ठेवून त्याच्या खोलीचं तोंड मातीने बुजवलं आणि विषय संपला असं ठरवून टाकलं. पोरांपाशी याची वाच्यताही करायची नाही, उगाच ओढ लागेल. भुरीने ऐकून घेतलं. पण डोळा लागला की तिला स्वतःचाच आवाज ऐकू येई, दुखवतो तो वैरी, आणि त्यामागून ते घोकणारा लहानग्या कणीचा. तिला लाज वाटे, आणि भीतीही.

नवी पोरं धड्याला आली, तेव्हा तिने कोळ्याचा पाय बाहेर काढलाच नाही. तिने कणीला पुढे उभं केलं.

"गोड होतं का?" एका पोराने विचारलं. मागे म्हाताऱ्या चुळबुळल्या.

"हो," कणी म्हणाली. "इतकं गोड मी परत काही चाखलेलं नाही." आणि ती अळ्यांचं सांगू लागली, एकेकीचं, कुठली कोणत्या कोपऱ्यातून उचलली ते.

तेवढ्यात बुजवलेल्या भिंतीपलीकडून आवाज आला. तीन हलक्या टिचक्या, एखादं भुकेलं पोर मागतं तशा. कणी बोलतच राहिली. पण तिचे पाय भिंतीकडे वळले होते आणि एकेक पाऊल पुढे पडत होतं. तिला ते कळलं नव्हतं. पोरांना कळलं.

बरीचशी घाबरून मागे सरकली. ज्याने प्रश्न विचारला होता ते मात्र पुढे आलं आणि त्याने कणीचा एक पाय घट्ट धरला. दुसऱ्याने दुसरा धरला. मग आणखी तिघं आली. कणी बोलायची थांबली.

सहावा पाय अजून ओढ घेत होता. तो भुरीने धरला.